काँक्रीट रस्ता : लादी व पाया यांमधील घर्षण

काँक्रीट रस्त्याची लादी तापमानानुसार आणि सुकताना लांबते-आखडते. त्या वेळी खालचा थर तिच्या तळाला जो अटकाव करतो, त्याला लादी व पाया यांमधील घर्षण म्हणतात.

मनमाड (ता. नांदगाव, जि. नाशिक) परिसरात हा विषय पुस्तकी राहत नाही. पुणे–इंदूर रस्ता गावातून जातो. पानेवाडीच्या इंधन डेपोंचे टँकर आणि अन्न महामंडळाच्या गोदामांकडचे ट्रक याच भागात धावतात. हवा कोरडी असते आणि हिवाळ्यात दुपार व पहाट यांच्या तापमानात मोठे अंतर पडते. लादीचे तापमान २० अंश सेल्सिअसने उतरले, तर ४.५ मीटर लांबीची लादी सुमारे ०.९ मिमी. आखडू पाहते. ती अडली की काँक्रीटमध्ये ताण येतो, आणि ताण सोसण्यात काँक्रीट मुळातच दुबळे असते.

घर्षणांक, काँक्रीटचा घनभार आणि लादीची निम्मी लांबी यांचा गुणाकार केला की हा ताण मिळतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या पद्धतीत टाय बारच्या (शेजारच्या लाद्या बांधून ठेवणाऱ्या सळ्यांच्या) हिशेबासाठी घर्षणांक १.५ धरतात. पायाच्या खडबडीत पृष्ठात काँक्रीट रुतून बसते, म्हणून हा आकडा एकाहून मोठा आहे. या हिशेबाने ४.५ मीटरच्या लादीत ताण जेमतेम ०.०८ मेगापास्कल भरतो; सलग १०० मीटरच्या लादीत तो १.८ मेगापास्कलपर्यंत जातो. सांधे घेण्यामागचे हे एक मोठे कारण.

खरा धोका पहिल्या रात्री असतो. काँक्रीट कोवळे असते, त्याला ताकद आलेली नसते. अशा वेळी सांधे कापायला उशीर झाला तर भेग हवी तिथे न पडता मनाला येईल तिथे पडते.

म्हणून पीक्यूसी म्हणजे वरचे काँक्रीट ओतण्यापूर्वी डीएलसीच्या, म्हणजे खालच्या कमी सिमेंटच्या काँक्रीटच्या, थरावर १२५ मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरतात. त्याने घर्षण घटते, डीएलसीतील भेग वर चढत नाही आणि ओल्या मिश्रणातले पाणी खालचा कोरडा थर शोषून घेत नाही. कागदाला चुण्या नसाव्यात, जोडावर किमान ३०० मिमी. पदर असावा आणि तो खिळ्यांनी पक्का बसवावा.

घर्षण सर्वत्र टाळायचे नसते. सलग सळ्यांच्या रस्त्यात भेगा बारीक व जवळजवळ पडाव्यात, यासाठी तेच उपयोगी पडते. गावातल्या साध्या सांध्यांच्या रस्त्याला मात्र तो कागद हवाच. फाटका किंवा चुरगळलेला कागद दिसला तर नागरिकांनी काँक्रीट पडण्याआधीच हटकावे. नंतर तो तपासता येत नाही.