वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे विमानमार्ग : स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन बेटांना जोडणारा, नियमित प्रवासी वाहतुकीचा जगातील सर्वांत कमी अंतराचा विमानमार्ग. अंतर सुमारे २.७ किमी., वेळापत्रकातील वेळ २ मिनिटे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी याहून लांब आहे. लोगनएअर या कंपनीने १९६७ मध्ये ही सेवा सुरू केली.

दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच अक्षांशावर (सुमारे ५९° २१′ उत्तर) आहेत. वेस्ट्रेहून निघालेल्या विमानाला सरळ पूर्वेकडे जायचे असते. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश १११ किमी. भरतो, तो इथे आक्रसून ५७ किमी. होतो. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत साधारण तीन कलांचा फरक असल्याने अंतर पावणेतीन किमी.च्या आसपास येते. लांबच्या मार्गांसाठी बृहद्‌वृत्ताचे गणित मांडावे लागते. इथे पृथ्वी गोल मानली काय, सपाट मानली काय, उत्तर तेच.

वेळेचे गणित मात्र असे सरळ नाही. अंतराला जेट विमानाच्या ताशी ८०० किमी. वेगाने भागायचे आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवायचा, हा ढोबळ अंदाजाचा प्रचलित हिशेब. तो इथे लावला तर हवेतला प्रवास १२ सेकंदांचा आणि चढ-उतार तीस मिनिटांचे निघतात! प्रत्यक्षात या मार्गावर ब्रिटन-नॉर्मन आयलँडर हे दोन पंख्यांचे छोटे विमान उडते. त्यात एक वैमानिक आणि आठ प्रवासी मावतात. एकाला तर वैमानिकाशेजारीच जागा मिळते. ताशी सव्वादोनशे किमी.च्या घरातला आपला नेहमीचा वेग गाठून तो टिकवायला विमानाला इथे सवडच मिळत नाही. दीड मिनिटाचे उड्डाण धरले तर सरासरी ताशी १०८ किमी. पडते.

वेळ कमीजास्त होते ती मुख्यतः वाऱ्यामुळे. विमानाला शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उडावे आणि उतरावे लागते. पूर्वेकडे तोंड करून निघता आले तर वाट सरळ; उलट दिशेने उडावे लागले तर वळसा आलाच, आणि एवढ्याशा अंतरात एक वळसाही महागात पडतो. सर्वांत जलद उड्डाणाचा विक्रम ५३ सेकंदांचा असून तो वैमानिक स्टुअर्ट लिंक्लेटर यांच्या नावावर आहे.

हौशी पर्यटक विक्रमी मार्ग म्हणून इथे येतात, पण सेवा टिकून आहे ती बेटकऱ्यांच्या गरजेमुळे आणि ऑर्कनी परिषदेच्या आर्थिक पाठबळामुळे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. शिक्षक, आरोग्य कर्मचारी, रुग्ण यांची ये-जा या विमानाने होते. बेटावरील नॅप ऑफ हॉवर ही नवाश्मयुगीन दगडी घरे इ. स. पू. ३७०० च्या सुमाराची असल्याने पुरातत्त्वाचे अभ्यासकही येत असतात. दोन बेटांमध्ये बोटही चालते. तिला सुमारे २५ मिनिटे लागतात.

हा मार्ग स्वतंत्र नाही. विमान ऑर्कनीच्या मुख्य बेटावरील कर्कवॉल विमानतळावरून निघते आणि दोन्ही बेटे घेऊन परतते. काही फेऱ्यांत ते आधी पापा वेस्ट्रेला उतरते, त्यामुळे वेस्ट्रेहून चढणाऱ्याने आपल्या फेरीचा क्रम पाहूनच तिकीट काढलेले बरे.