भीमाकांठचें आकाश व जोश्यांचीं दप्तरें

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें गोळा करतांना सनदा, महजर, पत्रें व बखरी यांकडे संग्राहकांचें लक्ष आधीं जातें, व तें योग्यच आहे. परंतु त्याच वाड्यांतून, पुष्कळदां त्याच रुमालांतून, जुनीं पंचांगें, ग्रहणांचीं टिपणें, जन्मपत्रिकांच्या गुंडाळ्या आणि आंकडेमोडीचे सुटे कागदही निघतात. त्यांस ‘जोतिषाचे कागद’ म्हणून बाजूस सारण्यांत येतें. जुनीं पंचांगें नदींत सोडण्याची चाल अनेक घरांत आहे. जें उरतें तें रद्दींत जातें. या कागदांची इतिहासाच्या दृष्टीनें किंमत काय, त्यांत प्रत्यक्ष आकाशाकडे पाहून लिहिलेलें किती व नुसतें गणितानें आणलेलें किती, आणि हा भेद कसा ओळखावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

या विवेचनासाठीं पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांतील मांडवगण फराटा हें गांव नजरेसमोर ठेविलें आहे. तें भीमेच्या खोऱ्यांत, दौंड तालुक्याच्या सीमेलगत आहे. पलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीगोंदें तालुक्यांत मांडवगण नांवाचें दुसरें गांव आहे. त्यामुळें जुन्या कागदांत नुसतें ‘मांडवगण’ असें आलें म्हणजे तें कोणतें, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. दुसरें असें कीं, पुण्याहून सोलापुराकडे जाणारा लोहमार्ग दौंडावरून याच खोऱ्यांतून पुढें जेऊरास जातो. आणि आधुनिक ज्योतिषाच्या इतिहासांत जेऊरास एक दिवस मोठें महत्त्व आलें होतें. तें पुढें सांगूं.

आकाश पाहणें ही महाराष्ट्रांत केवळ पंडितांची विद्या कधींच नव्हती. रात्रीं शेताची राखण करणारा शेतकरी व मेंढरांमागें फिरणारा धनगर यांस सप्तर्षींचें खाटलें व त्यामागील तीन चोर, मृगांतील तिकांडें आणि कृत्तिकांचा पुंजका हीं घड्याळासारखीं उपयोगी पडत. पावसाचा हिशेब आजही मृग, आर्द्रा, पुनर्वसु अशा सूर्यनक्षत्रांवरूनच सांगतात. हें ज्ञान मुखपाठाचें. त्याचा कागद होत नसे. कागद होई तो गांवच्या जोश्याचा. तिथि सांगणें, मुहूर्त काढणें आणि ग्रहणाचा स्पर्श, मध्य व मोक्ष यांच्या वेळा कळविणें हें त्याचें वतनी काम होतें. वेळ मोजण्यास घटिकापात्र असे. तळाशीं सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती बुडाली म्हणजे एक घटिका, अर्थात् २४ मिनिटें झालीं. अशा ६० घटिकांची एक अहोरात्र होते.

या जोश्याच्या गणिताचा आधार बहुधा ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ असे. जंजिऱ्याजवळील नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें तो शके १४४२ (इ. स. १५२०) मध्यें रचिला. ज्या-चापांच्या कोष्टकांवांचून ग्रहसाधन करतां येईल अशी सोय त्यानें केली. अहर्गण फार वाढूं नये म्हणून ११ वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र त्यानें धरलें. खेड्यांतील जोश्यास पाटीवर करतां येईल असें हें गणित असल्यामुळें तो ग्रंथ सर्वत्र पसरला. तेव्हां एखाद्या सुट्या कागदावर ‘चक्र’ व ‘अहर्गण’ असे शब्द आणि ४०१६ हा भाजक दिसला, तर तो कागद ग्रहलाघवाच्या परंपरेंतील आहे असें समजण्यास हरकत नाहीं.

परंतु या परंपरेचें मूळ नुसत्या गणितांत नाहीं. गणेशाचा पिता केशव यानें ग्रहांचे वेध स्वतः घेतले होते व ग्रंथांतून येणारें स्थान आकाशांतील स्थानाशीं जुळत नाहीं हें स्पष्ट नोंदविलें होतें. ‘ग्रहलाघव’ त्या पाहण्याच्या पायावर उभा आहे. पुढच्या पिढ्यांनीं ग्रंथ घेतला आणि पाहणें सोडलें. त्याचा परिणाम व्हावयाचा तो झालाच. सूर्यसिद्धांताचें वर्ष वास्तविक नाक्षत्र वर्षाहून सुमारें ८॥ पळांनीं, म्हणजे सुमारें साडेतीन मिनिटांनीं मोठें आहे. ही चूक एका पिढीस दिसत नाहीं. सहस्र वर्षांत ती दोन दिवसांच्या वर जाते.

एकोणिसाव्या शतकांत हें अंतर भरून काढण्याचा उद्योग ज्यांनीं केला ते बहुतेक शिक्षकीचा पेशा करणारे होते. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं इ. स. १८६० मध्यें ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं व त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघूं लागलें. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं शिक्षणखात्यांतील नोकरी सांभाळून ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, तो इ. स. १८९६ मध्यें पुण्यास छापला गेला. व्यंकटेश बापूजी केतकर हेही शाळेंत शिकवीत. दीक्षित व केतकर यांस सरकारी वेधशाळेचा आश्रय नव्हता. हौस हाच त्यांचा आश्रय, आणि म्हणून त्यांस आजच्या हौशी आकाशनिरीक्षकांचे पूर्वज म्हणणें यथार्थ होईल.

आतां या विद्येचा इतिहाससंशोधनाशीं संबंध कसा येतो तें पाहूं. लोकमान्य टिळकांनीं इ. स. १९१६ मध्यें जेधे शकावली पुढें आणिली, तेव्हां तींतील शिवजन्माची तिथि, वार व नक्षत्र यांचा परस्पर मेळ बसतो कीं नाहीं, हा तिच्या परीक्षेंतील एक मुख्य मुद्दा झाला. बनावट कागद लिहिणारास तिथि सहज सुचते. शंभर वर्षांपूर्वींच्या तिथीचा वार बिनचूक बसविणें त्यास अवघड जातें. ग्रहणाचा दाखला याहून बळकट. महाबळेश्वरीं जिजाबाई व सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला झाली ती सूर्यग्रहणाच्या पर्वावर, शके १५८६ च्या पौष अमावास्येस, म्हणजे जुन्या पद्धतीप्रमाणें ६ जानेवारी १६६५ रोजीं. नव्या पद्धतीनें तीच तारीख १६ जानेवारी होते, व त्या दिवशीं सूर्यग्रहण झालें असें आजच्या गणितानेंही ठरतें. येथें आकाशच साक्षीस उभें राहतें. अशा साक्षीस पक्ष नसतो, वतनाचा लोभ नसतो.

मात्र साक्ष घेतांना एक सावधगिरी हवी. पंचांगांतील ग्रहण हें भाकित असतें. पाहिलेलें ग्रहण ही घटना असते. कागदावरील नोंद यांपैकीं कोणती, हें ठरविल्याशिवाय तिचा उपयोग करूं नये. स्पर्श-मध्य-मोक्षांच्या घटिका-पळांचे नुसते आंकडे असतील तर ती बहुधा गणिताची नोंद होय. ढग आले होते, ग्रस्तास्त झाला, दिवसा तारे दिसले, पक्षी घरट्यांकडे गेले, असा मजकूर असेल तर लिहिणारानें मान वर केली होती हें निश्चित. पंचांगाच्या समासांत निराळ्या शाईनें मागाहून घातलेली ओळ विशेष मोलाची, कारण ती छापणाराची किंवा गणकाची नसून त्या घरच्या माणसाची असते.

स्थळाच्या निर्णयासही हे कागद उपयोगी पडतात. विषुवदिनीं मध्यान्हीं १२ अंगुळें उंचीच्या शंकूची जी छाया पडते तिला पलभा म्हणतात, व ती जोश्याच्या टिपणांत पुष्कळदां दिलेली असते. मांडवगण फराटा सुमारें १८॥ अक्षांशावर आहे. तेथील पलभा सुमारें चार अंगुळें येते. काशीस तीच साडेपांच अंगुळांहून अधिक होते. तेव्हां पलभेवरून दोन मांडवगणांतील भेद कळणार नाहीं, इतकीं तीं जवळ आहेत. परंतु टिपण देशावरचें कीं काशीहून आलेल्या पोथीची नक्कल, हें मात्र कळेल.

ग्रहणाचा प्रकार तर स्थळाविषयीं याहूनही अधिक सांगतो. याचें उत्तम उदाहरण शके १८१९ च्या पौष अमावास्येचें, म्हणजे २२ जानेवारी १८९८ चें सूर्यग्रहण. त्याची खग्रास छाया कोंकणकिनाऱ्यावरून ईशान्येस करमाळें तालुक्यावरून वऱ्हाडाकडे गेली. पुण्यास तें खंडग्रासच होतें. म्हणून पुण्यांतील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला हे आपलीं यंत्रें घेऊन जेऊरास गेले. तेथेंच अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँबेल व जपानची एक तुकडी यांनींही तळ दिला होता. सर नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास होते. वऱ्हाडांतील तळणीस ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेची मंडळी उतरली होती; तिच्यांतील श्रीमती अ‍ॅनी माँडर यांनीं लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्यानें सूर्याच्या प्रभामंडलाचा एक अतिदीर्घ किरण टिपला. खग्रास अवस्था जेऊरास सुमारें दोन मिनिटें होती. तेव्हां या दिवसाच्या एखाद्या खाजगी नोंदींत ‘खग्रास दिसलें’ असें असेल, तर लिहिणारा त्या दिवशीं पुण्यास नव्हता हें नुसत्या एका शब्दानें सिद्ध होतें.

त्या दोन मिनिटांवर विद्वानांनीं अहवाल लिहिले, ते छापले गेले व जगभर ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. भीमेच्या खोऱ्यांतील ज्या गांवकऱ्यांनीं तेंच आकाश पाहिलें त्यांचीं टिपणें, रोजनिशा व पत्रें कोणी पद्धतशीर गोळा केलीं नाहींत. यंत्रांचीही स्थिति फारशी निराळी झाली नाहीं. भावनगरच्या महाराजांच्या देणगीनें इ. स. १८८८ मध्यें उभी राहिलेली पुण्याची वेधशाळा नायगमवाला निवृत्त होतांच इ. स. १९१२ मध्यें बंद झाली आणि तिची २० इंची परावर्तक दुर्बीण कोडईकानलास गेली. एका पुरुषावर अवलंबून असलेलें काम त्या पुरुषाबरोबर संपतें, हा यांतील धडा.

तो धडा पुण्यानें पुढें गिरवला असें म्हणतां येईल. २२ ऑगस्ट १९४४ रोजीं पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी निरीक्षकांची ती भारतांतील अत्यंत जुनी संस्था असून आजही चालू आहे. मुंबईस खगोल मंडळ इ. स. १९८५ पासून काम करीत आहे. अशा संस्थांचा खरा गुण दुर्बिणींत नाहीं, नोंदवहींत आहे. दिनांक, वेळ, स्थळ, आकाशाची स्थिति, साधन व पाहणाराचें नांव, एवढीं कलमें भरल्याशिवाय निरीक्षण पुरें झालें असें तेथें मानीत नाहींत. कागदाची परीक्षा करणारा संशोधकही हेच प्रश्न विचारतो: कोणी, केव्हां, कोठून व कशाच्या आधारें लिहिलें? दोघांची शिस्त एकच आहे. शहराच्या दिव्यांमुळें पुण्यांतील निरीक्षकांस गडद रात्रीसाठीं दूर खेड्यांकडे जावें लागतें. आणि शिरूर तालुक्यांतही रांजणगांवच्या औद्योगिक वसाहतीचे दिवे आतां रात्रभर जळतात. म्हणजे जोश्याचे कागद जसे नाहींसे होत आहेत, तसें त्यानें पाहिलेलें आकाशही मंद होत चाललें आहे. आकाशाचें रक्षण आपल्या हातीं थोडें आहे. कागदांचें पुष्कळ आहे.

याकरितां संग्राहकांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. जोश्यांचें दप्तर मिळाल्यास त्यांतील पंचांगें निवडून टाकूं नयेत. रुमाल जसा बांधलेला असेल तसाच, अनुक्रम न मोडतां, नोंदवावा. समासांतील प्रत्येक ओळीची स्वतंत्र नक्कल करावी व ती गणिताची कीं पाहिलेली, याविषयीं आपलें मत पुढें लिहावें. आणि ज्या नोंदींत ग्रहण किंवा धूमकेतु आला असेल ती ज्योतिषगणित जाणणाऱ्या हौशी मंडळाकडे पडताळ्यासाठीं पाठवावी. वाडे पडत आहेत व नव्या पिढीस मोडी वाचतां येत नाहीं. शिरूर-दौंडकडील ज्या घरांत जोशीपण होतें तेथें हें काम प्रथम हातीं घ्यावें.