आधी की शेवटी? : इंग्रजीतल्या 'प्रिपोझिशन'ची हकीकत

आपण 'टेबलावर' म्हणतो, इंग्रज 'ऑन द टेबल' म्हणतो. आपला 'वर' नामाच्या पाठीशी उभा राहतो, त्यांचा 'ऑन' नामाच्या पुढ्यात. म्हणून त्याचं नाव 'प्रिपोझिशन'. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'आधी ठेवणं' असा आहे. पण या नावानं पुढे मोठा घोटाळा केला. त्याचीच ही हकीकत.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे शब्द होते. पण सारा भार त्यांच्यावर नव्हता. मराठीसारखे तिथेही नामाला विभक्तीचे प्रत्यय लागत. 'स्टान' म्हणजे दगड, आणि 'दगडांना' म्हणायचं तर 'स्टानुम'. पुढे हे प्रत्यय झिजत गेले, आणि त्यांचं बरंचसं काम 'ऑफ', 'टु', 'विथ' या चिमुकल्या शब्दांच्या अंगावर पडलं.

काम वाढलं तसे हे शब्द क्रियापदांशीही सोयरीक करू लागले. 'लुक ॲट' म्हणजे पाहणं, 'लुक फॉर' म्हणजे शोधणं, 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणं. क्रियापद तेच, अर्थ फिरवतो तो शेपटीचा शब्द. मग 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' असं म्हणताना 'ॲट' क्रियापदाजवळ, वाक्याच्या शेवटी राहिला, तर त्यात नवल ते काय?

पण कवी जॉन ड्रायडन यांना ते खटकलं. १६७२ साली त्यांनी बेन जॉन्सनच्या 'कॅटिलाइन' नाटकात हा दोष काढला. ड्रायडन आपलं इंग्रजी तपासायला त्याचं लॅटिन करून पाहत, आणि लॅटिनमध्ये असा शब्द शेवटी लोंबकळत नाही. पुढे १६८४ साली त्यांनी आपल्याच जुन्या निबंधातली तशी वाक्यं बदलली.

१७६२ साली रॉबर्ट लोथ यांचं व्याकरण निघालं. त्यांनी बंदी घातली नाही. बोलण्यात ही लकब चालते, गंभीर लेखनात मात्र शब्द आधी घालणं शोभतं, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि गंमत पाहा, हे सांगणारं त्यांचं वाक्य स्वतःच 'टु'वर संपलं होतं! १७९५ साली लिंडली मरे यांनी आपल्या व्याकरणात ते वाक्य घेतलं, ते तेवढा 'टु' मुकाट्यानं पुढे सरकवून. मरे यांचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं, आणि शोभेची सूचना हळूहळू नियम होऊन बसली.

१९२६ साली फाउलर यांनी आपल्या शब्दप्रयोगांच्या कोशात हा नियम म्हणजे निव्वळ भ्रम असल्याचं स्पष्ट सांगितलं. तरी विद्यार्थ्यांच्या वह्यांत त्यासाठी तांबड्या रेघा ओढल्या जातच राहिल्या.

तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्यानं 'हा शब्द शेवटी आला का?' म्हणून घाबरू नये. त्याचं नातं कोणाशी आहे, नामाशी की क्रियापदाशी, एवढं पाहावं. भाषा आधी चालते. व्याकरण तिची पावलं मोजत मागून येतं.