षटकोनी घरं, सुट्या टाइल आणि एकत्र बसलेली माणसं

आजचा विषय वरवर पाहता हलकाफुलका वाटेल. डावपेचांचे पटखेळ, त्यातही षटकोनी घरांचे आणि टाइल मांडून खेळायचे खेळ. आज दुकानांत असे शेकडो खेळ दिसतात आणि चारचौघांत नेमका कुठला मांडावा, हे कळत नाही. आपण त्याचं उत्तर इतिहासात शोधू. कारण या खेळांचा इतिहास म्हणजे खरं तर एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: पटाभोवती कोणाला बसायला मिळतं, आणि शेवटपर्यंत कोण बसून राहतं?

सुरुवात आपल्या परिचयाच्या बुद्धिबळापासून करू. आठ गुणिले आठ, चौसष्ट चौकोनी घरं. राजा एका कडेने सरळ सात घरं चालला तर सात खेळ्या लागतात. तोच राजा एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरका गेला, तरी सातच. पण पट्टी घेऊन मोजलं तर तिरकं अंतर सरळ अंतराच्या 1.414 पट भरतं. म्हणजे तिरकं चालणाऱ्याला जास्तीचं अंतर फुकट मिळतं. बुद्धिबळात त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथे खरी जमीन नाहीच. पण पटावर खरी लढाई, खरे डोंगर, खऱ्या नद्या आणायच्या म्हटल्या की ही लबाडी खटकायला लागते.

आणि ते आणायचा प्रयत्न युरोपात झाला. 1780 मध्ये ब्रुन्सविकच्या हेलविग यांनी बुद्धिबळ वाढवून एक युद्धखेळ तयार केला. त्यात रंगीत चौकोनांतून जंगल, पाणी, डोंगर दाखवले होते. पुढे 1812 मध्ये प्रशियाच्या गेऑर्ग फोन राइसवित्झ यांनी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यासाठी एक मोठं मेजच बनवलं. त्यावर नद्या, रस्ते, टेकड्या कोरलेले सुटे तुकडे हवे तसे जुळवायचे आणि दर वेळी नवी रणभूमी तयार करायची. सुटे तुकडे जुळवून भूमी घडवायची, ही आजच्या टाइल-खेळांची मुख्य कल्पना. ती तेव्हाच, एका राजवाड्यात होती, हे लक्षात ठेवा.

1824 मध्ये त्यांच्या मुलाने हा खेळ कागदी नकाशांवर आणला आणि प्रशियाच्या सैन्यात तो पसरला. पण त्यात एक अडचण होती. खेळायला जाणता पंच लागायचा. कोणाची तुकडी किती चालली, किती मेली, हे तो ठरवणार. पंच नाही तर खेळ नाही. घरी बसून दोन हौशी माणसांनी तो खेळणं अवघडच होतं.

ती अडचण अमेरिकेत सुटली. चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ नावाचा खेळ काढून 1954 पासून टपालाने विकायला सुरुवात केली. त्यात पंचाच्या जागी छापील तक्ता आला. दोन्ही बाजूंच्या बळाचं गुणोत्तर काढा, फासा टाका, तक्त्यात निकाल बघा. वाद मिटला. घरं मात्र अजून चौकोनीच होती. मग 1961 मध्ये त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीच्या ‘डी-डे’ आणि ‘चॅन्सेलर्सव्हिल’ या खेळांत षटकोनी घरं आली. रॅंड या संशोधन संस्थेतल्या युद्धखेळांच्या एका छायाचित्रात रॉबर्ट्सना ती दिसली, असं सांगतात.

षटकोनच का? एकाच मापाचे, समान बाजूंचे आणि समान कोनांचे आकार मधे फट न ठेवता मांडायचे तर तीनच शक्य आहेत: त्रिकोण, चौकोन, षटकोन. यांत षटकोनालाच असे सहा शेजारी आहेत की प्रत्येकाशी पूर्ण बाजू लागते आणि प्रत्येकाचं मधलं अंतर सारखं. कोपऱ्याला कोपरा टेकलेला शेजारी नाहीच. तिरकं चालण्याचा फुकटचा फायदा संपला. मधमाशीच्या पोळ्यात जे दिसतं, तेच.

पण आपला मूळ प्रश्न तसाच राहिला. हे खेळ बहुतेक दोघांचे. शेकडो पुठ्ठ्याचे तुकडे, जाड नियमपुस्तक, एका डावाला चार-पाच तास. पंच गेला, पण घरातली बाकीची माणसंही पटापासून लांबच राहिली.

आता आपण जर्मनीत येऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लढाईचा खेळ घरच्या मेजावर मांडणं अनेकांना नकोसं वाटत होतं. घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायचे खेळ मात्र हवे होते. 1979 पासून ‘श्पील देस यारेस’, म्हणजे ‘वर्षाचा खेळ’ हा पुरस्कार सुरू झाला. 1995 मध्ये तो क्लाउस टॉयबर यांच्या ‘कॅटान’ला मिळाला. टॉयबर पेशाने दंततंत्रज्ञ. त्यांच्या खेळात 19 षटकोनी टाइल मिसळून दर वेळी नवं बेट तयार होतं. राइसवित्झच्या मेजाचीच युक्ती, पण इथे सैन्य नाही. लाकूड, विटा, लोकर, धान्य, खनिज, आणि त्यांची देवघेव.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बघा. फासे कोणीही टाको, तो आकडा ज्याच्या वस्तीशेजारी असेल त्याला माल मिळतो. म्हणजे दुसऱ्याची पाळी असतानाही आपलं लक्ष पटावरच. शिवाय वसलेली वस्ती कोणी उद्ध्वस्त करू शकत नाही, आणि डाव संपेपर्यंत कोणी बाद होत नाही. आपल्याकडच्या ‘व्यापार’शी तुलना करा. तिथे ज्याचं दिवाळं निघालं, तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो आणि उरलेले दोघं तासभर नोटा मोजत बसतात.

म्हणून ‘कॅटान’ निर्दोष आहे असं नाही. पहिल्या दोन वस्त्या चुकीच्या जागी पडल्या तर पुढचा तासभर नुसतं बघत बसायची वेळ येते. नवख्याला त्या जागा निवडायला मदत करायची, हा नियम पुस्तकात नसला तरी आपण पाळावा. दोन फाशांच्या 36 शक्यतांत 6 आणि 8 प्रत्येकी पाच वेळा येतात, 2 आणि 12 एकेकदाच. एवढं आधी सांगितलं तरी पुरतं.

2001 चा पुरस्कार मिळालेला क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा ‘कार्कासोन’ आणखी सोपा. फ्रान्समधल्या तटबंदीच्या शहराचं नाव, 72 चौकोनी टाइल. मुख्य नियम एकच: रस्त्याला रस्ता, तटाला तट, शेताला शेत जुळलं पाहिजे. टाइल सगळ्यांसमोर उघडी असते, त्यामुळे आजी नातवाला सहज सुचवू शकते, ‘‘अरे, ती इथे बसेल बघ.’’

मग निवड कशी करायची? खोक्यावरचं चित्र बघून नको. चार प्रश्न विचारा. किती जण आहोत? वेळ किती आहे? एकमेकांवर थेट हल्ला केलेला सगळ्यांना चालेल का? आणि मागे पडलेल्याला शेवटपर्यंत काही करता येईल का? दोघंच असाल आणि चुरस हवी असेल तर ‘हाइव्ह’ घ्या. त्याला पटही लागत नाही, षटकोनी सोंगट्याच एकमेकींना लावत जायच्या. इतिहासाची आवड असलेला जोडीदार आणि अख्खी दुपार मोकळी असेल, तर षटकोनी नकाशावरचा युद्धखेळ जरूर मांडा. घरात पाहुणे, मुलं, आजी-आजोबा असतील तर ‘कार्कासोन’. तिघं-चौघं बोलकी माणसं असतील तर ‘कॅटान’.

चौथा प्रश्न आपल्याला नवा नाही. अंगणातल्या खेळात सगळ्यांत लहान पोराला आपण ‘कच्चा लिंबू’ म्हणतो. तो बाद झाला तरी खेळतच राहतो. मोठ्यांच्या पटावर ती सोय नियमांतच व्हायला फार काळ जावा लागला. तेव्हा खेळ निवडताना आधी खोलीतली माणसं मोजा, मग पट मांडा.

आता प्रश्न घेऊ.