गुरांच्या चाऱ्यातून आलेली गोळी आणि आयएनआरचा आकडा

आपल्या आसगाव परिसरातही रक्त पातळ करायची गोळी खाणारे लोक आहेत. कुणाची हृदयाची झडप बदललेली, कुणाच्या पायाच्या शिरेत गाठ झालेली. मजुरी बुडवून रक्त तपासायला जायचं, तर आयएनआरचा आकडा कधी २.४, कधी ३.८, कधी १.६. आकडा वाढला की काही जण घाबरून गोळीच सोडून देतात. म्हणून आज या गोळीचा इतिहास सांगतो. तो आपल्यासारख्याच शेतकऱ्यांचा आहे.

१९२०च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत गुरं रक्तस्रावाने मरू लागली. कारण निघालं बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन हा शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड, तो चारा आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९३९ मध्ये चाऱ्यातला तो पदार्थ वेगळा काढला. त्यातूनच पुढे वॉरफेरिन आलं. १९४८ मध्ये ते आधी विकलं गेलं उंदीर मारायला! माणसांसाठी परवानगी मिळाली १९५४ मध्ये.

म्हणजे औषध आणि विष यांत फरक फक्त मात्रेचा. म्हणूनच तपासणी. पण पूर्वी प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, त्यामुळे आकडाही वेगळा यायचा. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर ही एकच मोजपट्टी स्वीकारली. बहुतेकांसाठी तो २ ते ३ मध्ये हवा. काही कृत्रिम झडपांना थोडा जास्त लागतो.

मग आकडा हलतो का? शरीर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवतं आणि ही गोळी नेमकं तेच अडवते. पालक, मेथीसारख्या पालेभाज्यांत हे व्हिटॅमिन भरपूर. हिवाळ्यात रोज भाजी अन् उन्हाळ्यात काहीच नाही, तर आकडा हलणारच. भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. अँटिबायोटिक, अंगदुखीची गोळी, दारू, चुकलेला डोस यांनीही फरक पडतो. नवीन औषध घेताना डॉक्टरला आधी सांगा. डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या खाऊ नका.

काळी शौच, लघवीत रक्त किंवा डोक्याला मार, तर थेट दवाखाना गाठा.

आकडा हलला म्हणजे तुमची चूकच झाली असं नाही. पण डॉक्टरला न विचारता गोळी बंद केली, तर झडपेवर गाठ धरू शकते. घरात कुणी ही गोळी खात असेल, तर त्यांना हे वाचून दाखवा.