डालडाच्या डब्यातलं परसदार

मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींना अंगण नव्हतं आणि परसदारही नव्हतं. तरीही करी रोड, लालबाग, काळाचौकी भागातल्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या बाग केली. ती वाढली पत्र्याच्या डब्यांत. त्यातला सगळ्यांच्या आठवणीतला डबा म्हणजे डालडाचा: पिवळा, त्यावर हिरवं माडासारखं झाड.

या डब्याचा माग काढायचा तर आधी गिरणी कामगारांच्या गावी जावं लागतं. 1850 च्या दशकात कावसजी दावर यांनी ताडदेवला मुंबईतली पहिली कापड गिरणी उभारली. पुढं परळ-लालबागभर गिरण्या झाल्या आणि त्यांत राबायला माणसं आली, ती मुख्यतः तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातून, आणि घाटावरच्या सातारा-कोल्हापुरातून. त्यांच्या गावच्या घरापुढं तुळशीवृंदावन असे आणि मागं न्हाणीच्या पाण्यावर अळू, केळ, मिरचीची दोन-चार झाडं. आमटी उकळत असताना मागच्या दारी जाऊन पानं खुडून आणायची, हा स्वयंपाकाचाच भाग होता.

मुंबईत मागचं दारच नाहीसं झालं. ना. म. जोशी मार्गावरच्या सरकारी बीडीडी चाळी 1920 च्या दशकातल्या. खोली 160 चौरस फुटांची, मधून बोळ आणि दोन्ही बाजूंना बिऱ्हाडं. तिथं झाडाला जागा मिळाली ती खिडकीत. खासगी चाळींना निदान गॅलरी होती, तिचा लाकडी कठडा होता. मातीची कुंडी जड आणि फुटणारी. म्हणून हाताशी आला रॉकेलचा चौकोनी डबा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी रॉकेल अशा सुमारे अठरा लिटरच्या डब्यांतून येऊ लागलं. रिकामा डबा पाणी भरायला, पीठ ठेवायला, कापून छपराला ठोकायला कामी आला आणि त्यातच तुळसही लागली.

डालडा त्यानंतरचा. लीव्हर कंपनीनं 1932 मध्ये शिवडीत वनस्पती तूप बनवायला सुरुवात केली आणि 1937 मध्ये डालडा हे नाव बाजारात आलं. कारखाना करी रोडपासून फार लांब नव्हता. गिरणीच्या पगारात साजूक तूप देवाच्या निरांजनापुरतं आणि बाळंतिणीच्या ताटापुरतंच परवडे. सणाचं तळण डालडात होऊ लागलं. दिवाळीत शंकरपाळ्यांना मोहन त्याचंच. तांदळाच्या पिठीत डालडा घालून तळहातानं गोल गोल फेसायचा, पांढरा हलका साटा झाला की पोळीवर पोळी रचून त्यावर लावायचा. करंजीला पदर सुटायचे ते त्या साट्यामुळं.

फराळ संपता संपता डबा रिकामा व्हायचा आणि पाडव्यानंतर दहा-बारा दिवसांतच तुळशीचं लग्न यायचं. चाळीतल्या तुळशीला नवं वृंदावन मिळायचं ते याच हिशेबानं. गरम पाणी आणि राखेनं डब्याचा तुपकटपणा काढायचा. खिळा आणि वरवंट्यानं बुडाला चार-पाच भोकं पाडायची. तळाशी नारळाची शेंडी, त्यावर कौलाचा तुकडा, वर माती. गावाहून येणाऱ्याच्या पिशवीत तांदूळ, कुळीथ, आठळ्यांबरोबर ओंजळभर माती असायची, ती वरच्या थरात. बाहेरून गेरू, त्यावर चुन्याची बोटं. लग्नाच्या संध्याकाळी गॅलरीत उसाचं खोपट उभं राहायचं आणि आवळे-चिंचांनी सजलेला तो डबा नवरीसारखा मिरवायचा.

तुळशीशेजारी स्वयंपाकाची झाडं आली. गवती चहा, पानओवा, पुदिना, कढीपत्ता. कठड्याला गुंडाळलेला मायाळू. सांडपाण्याच्या तोंडाशी अळू. आमच्या चाळीत खत विकत आणलेलं मला आठवत नाही. तांदळाचं धुवण तुळशीला, मासे धुतलेलं पाणी मिरचीला, चहाचा चोथा वाळवून सगळ्यांना. पावसाळ्यात माझी आजी पानओव्याची आणि मायाळूची भजी तळायची. अळूच्या फदफद्यात गावच्या आठळ्या पडायच्या आणि पातेलं चुलीवर चढलं की शेजारच्या वाट्या दारात यायच्या. पत्रा दोन-तीन पावसांत बुडाकडून गंजायचा, फरशीवर तांबडं वर्तुळ उमटायचं. मग मातीचा गड्डा तसाच उचलून नव्या डब्यात. डबा बदलला तरी झाड तेच राहायचं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. पगार थांबले, अनेक कुटुंबं गावी परतली. आमच्या मजल्यावरची दोन बिऱ्हाडं गेली, ती डबे आमच्या दारात ठेवून. त्या डब्यांतला पानओवा अजून आमच्या घरी आहे. फांदी मोडून लावायची, ती रुजली की जुनी काढायची, असं करत तो इथवर आला. डालडा मात्र प्लास्टिकच्या बरणीत गेला. 2003 मध्ये तो बुंगे कंपनीनं घेतला. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटनं हृदयविकाराचा धोका वाढतो हे सिद्ध झालं आणि 2022 पासून देशात तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली. डालडा घरातून गेला हे आरोग्याला बरंच झालं. त्याचा डबा घरात राहिला, तो झाडांसाठी.

आता चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. बीडीडीच्या पुनर्विकासात 160 फुटांच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळतं, आणि ते कष्टकऱ्यांच्या हक्काचंच आहे. पण गिरणगावच्या बहुतेक बायकांकडे मुलींना द्यायला जमीन नव्हती, दागिने संपात गहाण पडले. त्यांनी मागं ठेवली ती रुजणारी फांदी आणि तिचं काय शिजवायचं याचं ज्ञान. हा वारसा कुठल्याही करारनाम्यात लिहिला जात नाही. म्हणून खोली रिकामी करताना भांडी बांधाल तशी प्रत्येक झाडाची एक फांदीही बांधून घ्या. ते कुणाच्या गावचं, कुणी दिलं, त्याचं घरात काय होतं, हे मुलांना सांगा. आणि नव्या घराच्या खिडकीत त्याला पहिल्याच आठवड्यात जागा द्या.