हार्ड डिस्कची घरघर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठीत 'घरघर' हा शब्द दोन ठिकाणी वापरतात. एक घरघर जात्याची. पहाटे ती कानावर आली की घर जागे झाले, कामाला लागले असे समजावे. दुसरी घरघर लागते ती शेवटच्या घटकेला. शब्द एकच, पण एक जगण्याची खूण आणि दुसरी निरोपाची. गेल्या काही दशकांत या शब्दाला आणखी एक जागा मिळाली, ती म्हणजे टेबलाखालचे संगणकाचे कॅबिनेट. नवाकोरा डेस्कटॉप घरी यावा, जोडणाऱ्याने बटण दाबून दाखवावे आणि आतून आधी घर्रर्र, मग टकटक, मग कुरकुर ऐकू यावी, हा अनुभव असंख्य घरांनी घेतला. आणि ज्याच्या त्याच्या मनात प्रश्न एकच: ही घरघर जात्याची, की ती दुसरी?

उत्तर द्यायचे तर हा आवाज आला कुठून आणि तो घालवण्यासाठी माणसाने काय काय केले, हे पाहावे लागते. हा इतिहास फार जुना नाही. तो सुरू होतो १९५६ साली, अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे गावी. तिथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते रेनॉल्ड जॉन्सन. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. त्यांच्या चमूने 'रॅमॅक' नावाच्या संगणकासाठी जगातली पहिली हार्ड डिस्क तयार केली. 'डिस्क' या शब्दाने आपल्या डोळ्यांसमोर हाताच्या पंजाएवढी डबी येते. ही डिस्क मात्र मोठ्या कपाटाएवढी होती. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १,२०० फेरे घेत. वजन टनाच्या घरात. आणि एवढ्या सरंजामात मावत किती, तर ५० लाख अक्षरे! आज मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्र तेवढी जागा सहज खाते.

ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हार्ड डिस्कचे हेड, म्हणजे माहिती वाचणारे आणि लिहिणारे टोक, तबकडीला टेकत नाही. टेकले तर सारे संपले. रॅमॅकमध्ये हेड आणि तबकडी यांच्यात अंतर ठेवण्यासाठी कॉम्प्रेसरने दाबलेली हवा सोडावी लागे. तबकड्या फिरत आहेत, कॉम्प्रेसर चालू आहे, हेड धरलेला दांडा ५० तबकड्यांच्या उतरंडीवर खालीवर धावतो आहे, असा तो प्रकार. त्याच्या आवाजाबद्दल कोणी कुरकुर करण्याचा प्रश्नच नव्हता. कारखान्यात यंत्र आवाज करणारच, तसेच हे. त्या खोलीत कोणी झोपत नव्हते, की अभ्यासाला बसत नव्हते.

पुढे कॉम्प्रेसर गेला. तबकडी वेगाने फिरू लागली की तिच्याबरोबर हवेचा पातळ थर फिरतो आणि त्या थरावर हेड आपोआप तरंगते, हे तत्त्व वापरात आले. १९७३ मध्ये आयबीएमने '३३४०' ही डिस्क आणली. तबकड्या आणि हेड एकाच बंद पेटीत, धूळ आत जायला वाव नाही. प्रत्येकी ३० मेगाबाइटच्या दोन भागांची मूळ कल्पना होती. त्यावरून प्रमुख अभियंते केनेथ हॉटन यांना '३०-३०' ही प्रसिद्ध रायफल आठवली आणि डिस्कला तिचे नाव पडले 'विंचेस्टर'. टेबलावरच्या संगणकातली प्रत्येक हार्ड डिस्क ही या विंचेस्टरचीच वंशज.

ही वंशज घरात शिरली ती ऐंशीच्या दशकात. १९८० साली अ‍ॅलन शुगार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कंपनीने, म्हणजे पुढच्या सीगेटने, सव्वापाच इंची आकाराची ५ मेगाबाइटची डिस्क काढली. १९८३ मध्ये आयबीएमचा 'पीसी एक्सटी' आला, त्यात १० मेगाबाइटची डिस्क होती. कपाट टेबलावर आले, आणि त्याच्याबरोबर त्याचा आवाजही माणसाच्या कानापासून हातभर अंतरावर आला. आवाजाची तक्रार खरी सुरू झाली ती इथून.

हा आवाज एक नाही, दोन आहेत. पहिला फिरण्याचा. मिनिटाला ७,२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२०. तबकडी जराशी जरी असमतोल असली, तरी सेकंदाला १२० वेळा बारीक हिसका बसतो आणि आपल्याला खर्जातला एक अखंड सूर ऐकू येतो. दुसरा आवाज धावण्याचा. हेड धरणारा दांडा एका जागेवरून उडी मारतो, काही सहस्रांश सेकंदांत दुसऱ्या जागी जाऊन गच्च थांबतो. क्रिया आली की प्रतिक्रिया आलीच, हे न्यूटनने सांगून ठेवले आहे. दांडा थांबला की धक्का पेटीला बसतो. तीच ती टकटक.

पण एवढीशी पेटी घरभर ऐकू का यावी? याचे उत्तर मिरजेच्या कारागिराला विचारावे. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर तिचा आवाज किती? तो घुमतो भोपळ्यामुळे. संगणकात भोपळ्याचे काम करते ते पातळ पत्र्याचे कॅबिनेट. डिस्क त्याला स्क्रूने घट्ट आवळलेली असते, आणि तिची प्रत्येक थरथर पत्रा इमानेइतबारे मोठी करून सांगतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून 'असेंबल' केलेल्या संगणकात पत्रा आणखी पातळ आणि घाईत चारांऐवजी दोनच स्क्रू लावलेले, असा प्रकार असला तर मग विचारायलाच नको. पुष्कळ वेळा दोष डिस्कचा नसतो, बैठकीचा असतो.

नव्वदच्या दशकात स्पर्धा होती वेगाची. सीगेटची 'बॅराकुडा' १९९२ मध्ये ७,२०० फेऱ्यांवर पोहोचली, १९९६ मध्ये 'चीता' १०,००० वर, आणि २००० साली १५,००० फेऱ्यांची डिस्क बाजारात आली. या महागड्या डिस्क कार्यालयांतल्या सर्व्हरसाठी होत्या. पण ७,२०० चा वेग दशकाच्या अखेरीस घरगुती संगणकातही उतरला. तबकडीचा आस पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरे. गोळी कितीही गुळगुळीत केली तरी अगदी निर्दोष गोल होत नाही, आणि जसजशी झिजते तसतशी किंचाळू लागते. वेग वाढला तशी ही किंचाळी वाढली. त्याच सुमाराला डिस्कचा मुक्कामही बदलत होता. १९९९ पासून अमेरिकेत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम हार्ड डिस्कवर साठवणारी यंत्रे बैठकीच्या खोलीत आली. बातम्या ऐकताना शेजारी घरघर कोण चालवून घेईल?

मग अभियंत्यांनी दोन आवाजांवर दोन वेगळे उपाय केले. फिरण्याच्या आवाजावर उपाय होता तेलाचा. गोळ्या काढून टाकायच्या आणि आस तेलाच्या अत्यंत पातळ थरावर फिरवायचा. धातूला धातू लागतच नाही. सीगेटने २००१ मध्ये 'बॅराकुडा एटीए फोर' या घरगुती डिस्कमध्ये हे बेअरिंग आणले. ती डिस्क चालू आहे की नाही हे पाहायला लोक कान लावत. काही वर्षांत इतर कंपन्याही याच वाटेने गेल्या. इथे आकड्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. डिस्कच्या माहितीपत्रकात आवाज 'बेल' या एककात देतात. एक बेल म्हणजे दहा डेसिबल. साडेतीन बेलवरून अडीचवर आले की कागदावर फरक दिसतो एकाचा, पण बाहेर पडणारी ध्वनिशक्ती असते एक दशांश.

धावण्याच्या आवाजावरचा उपाय अधिक चतुर होता. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई एकदम धावत सुटत नाही आणि एकदम थांबतही नाही. चाल हळूहळू वाढवते, हळूहळू आवरते, म्हणून पाणी हिंदकळत नाही. दांड्यालाही हेच शिकवले. उडी थोडी मऊ घ्यायची, थोडा वेळ जास्त गेला तरी चालेल. २००२ च्या सुमाराच्या 'एटीए-६' या मानकात तशी तरतूदच झाली. १२८ हा आकडा दिला की डिस्क सर्वांत शांत, २५४ दिला की सर्वांत वेगवान. शांतता हवी की वेग, हे मालकाने ठरवायचे. या ज्ञानाला पैशाचे मोलही मोठे होते. हालचालीला असा आकार देऊन थरथर टाळण्याच्या पद्धतीवर एमआयटी आणि कन्व्हॉल्व्ह यांचे पेटंट होते. त्यांनी २००० साली सीगेट आणि कॉम्पॅक या कंपन्यांवर खटला भरला आणि तो दशकाहून अधिक काळ चालला.

हौशी मंडळी आपल्या परीने झगडतच होती. कोणी डिस्कखाली रबरी वॉशर घातले, कोणी ती इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झोळीसारखी टांगली. तत्त्व बरोबर होते: तंबोऱ्याची तार भोपळ्यापासून तोडायची. काहींनी मात्र डिस्क फोममध्ये गुंडाळली. आवाज गेला, पण उष्णताही आतच कोंडली. शांतता मिळवण्याच्या नादात डिस्कचे आयुष्य कमी करण्याचा हा मार्ग.

इतका वेळ आवाजाला शत्रू म्हणून पाहिले. पण तो निरोप्याही होता. १९९८ च्या सुमारास आयोमेगा कंपनीच्या 'झिप' ड्राइव्हमधून येणाऱ्या ठरावीक टिकटिकीला 'मृत्यूची टिकटिक' असे नाव पडले. २००० साली आलेल्या आयबीएमच्या 'डेस्कस्टार ७५जीएक्सपी' डिस्कबद्दलही अशाच तक्रारी झाल्या, आणि २००१ मध्ये ग्राहकांनी एकत्र येऊन दावा ठोकला. या टिकटिकीचे कारण समजून घ्यावे. तबकडीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा असतात. त्या वाचता आल्या नाहीत तर हेड माघारी जाते, पुन्हा येते, पुन्हा चुकते. म्हणून त्या आवाजाला ताल असतो. कामाची कुरकुर अनियमित असते, कारण काम अनियमित असते. घड्याळासारखी नेमाने होणारी टिकटिक, धातू घासल्यासारखा कर्कश आवाज, किंवा डिस्क पुन्हा पुन्हा थांबून नव्याने फिरू लागणे, ही दुसऱ्या प्रकारची घरघर.

नव्या संगणकात हार्ड डिस्क असेल तर पहिले काही दिवस ती कुरकुरते, त्यात बहुधा काही वावगे नसते. कार्यप्रणाली फायलींची सूची बनवत असते, अँटिव्हायरस सगळे घर झाडून तपासत असतो. ही कुरकुर थांबतच नसेल, तर मेमरी कमी असण्याचा संभव असतो. मेमरीत न मावणारा मजकूर संगणक सतत डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत आणतो. तिथे इलाज डिस्कचा नाही, मेमरी वाढवण्याचा. अखंड घूं घूं असेल तर संगणक बंद करून, वायर काढून, स्क्रू तपासावेत. कॅबिनेटवर हात दाबल्यावर आवाज कमी होत असेल तर दोष पत्र्याचा. पण टिकटिक तालात येत असेल, तर आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे काढावी आणि मगच दुकानदाराला फोन करावा. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. लग्नाचे फोटो, मुलांचे प्रकल्प, दुकानाचा हिशेब बदलून मिळत नाही.

या गोष्टीला एक उलटी बाजूही आहे. डिस्क आवाज करते, तशी ती आवाजाला भितेही. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या मांडणीसमोर जोरात ओरडले आणि त्या थरथरीने डिस्कचे काम मंदावलेले त्यांनी आलेखावर दाखवले. सप्टेंबर २०१६ मध्ये रुमेनियाची राजधानी बुखारेस्ट इथे आयएनजी बँकेत आग विझवणाऱ्या वायूची चाचणी चालू होती. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्क बिघडल्या आणि कित्येक तास बँकेच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर आता काही नॅनोमीटरवर आले आहे. रॅमॅकमध्ये ते सुमारे २० मायक्रॉन होते. हजारो पटींनी जवळ आलेल्या त्या दोघांना साधी आरोळीही सोसत नाही.

शेवटी आवाजावर जो उपाय झाला तो मूळच उपटणारा. २००७-०८ पासून लॅपटॉपमध्ये आणि पुढे डेस्कटॉपमध्ये एसएसडी आली. तिच्यात तबकडी नाही, दांडा नाही, मोटर नाही. घरघर संपली. तबकड्यांच्या डिस्क अजून आहेत, पण त्यांचे मोठे घर आता महाकाय डेटा सेंटरमध्ये आहे. रॅमॅकप्रमाणे पुन्हा माणसाच्या झोपेपासून दूर.

पण एसएसडी बिघडते तेव्हा टिकटिक करत नाही. काल चालू, आज बंद. कान सांगतील यावर विसंबण्यात तसाही धोका होताच. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. त्यातल्या चार महत्त्वाच्या इशाऱ्यांपैकी एकही इशारा न देता बंद पडलेल्या डिस्क निम्म्याहून अधिक निघाल्या. तेव्हा संगणक नवा असो की जुना, बोलका असो की मुका, आठवड्यातला एक वार ठरवावा आणि त्या दिवशी फायलींची प्रत काढून वेगळ्या कपाटात ठेवावी. रविवार त्यासाठी बरा.